बीजगणित आणि तरंग : गृहपाठात मदत नक्की किती करायची?

शंखशिंपला
लेक अकरावीत आहे. गणितात वर्गसमीकरणं आणि फिजिक्समध्ये तरंग, दोन्ही एकदमच अंगावर आलंय आणि घरात रोज रात्री तेच नाटक. माझा गणिताशी संबंध सुटून जमाना झाला, नवऱ्याचं फिजिक्सशी कधी जुळलंच नव्हतं. मग ती काय करते तर प्रश्नाचा फोटो काढते, फोन बारा ओळींचं उत्तर देतो, ती ते सुंदर अक्षरात वहीत उतरवते. वही बघाल तर एकही चूक नाही. चाचणीत तेच गणित आकडे बदलून आलं की कोरा कागद.

तर मदत करायची म्हणजे नक्की काय करायचं? उत्तर सांगायचं, शेजारी बसायचं, की क्लास लावून मोकळं व्हायचं?

आणि हे एक गणित बघा, आज यावरच अडलोय. विहिरीत दगड सोडला, ३.५७ सेकंदांनी पाण्यावर आपटल्याचा आवाज ऐकू आला. गुरुत्व त्वरण १० आणि ध्वनीचा वेग ३४० धरून पाणी किती खोल ते काढा. लेकीचं उत्तर ६३.७ मीटर येतंय, पुस्तकाच्या मागे ५७.८ आहे. पुस्तक चुकलंय का?

भागिले_शून्य
दोर सोडा आणि मोजा. फिजिक्स पण नको, बीजगणित पण नको.

मास्तर_निवृत्त
पुस्तक बरोबर आहे ताई. उत्तर मी देत नाही, पण लेकीला एक काम सांगा. त्या ३.५७ सेकंदांत काय काय घडलं ते क्रमाने तोंडी सांगायला लावा. आकडे नाहीत, सूत्र नाही, फक्त गोष्ट. दगड सुटला, मग? दगड आपटला, मग? "आणि मला आवाज ऐकू आला" असं ती म्हणाली की विचारा, आपटल्या क्षणीच का? बास. पुढचं तिचं तिला सुचेल.

फटकळ_काकू
अहो मास्तर, रात्री साडेदहाला हिंट कोण मागतंय? सकाळी वही द्यायचीय. माझ्या दोन्ही मुलांच्या वेळी हेच बघितलं, ज्याला येतं तो कोडी घालतो आणि ज्याला येत नाही तो रडतो. एक गणित सरळ सोडवून दाखवा की कोणीतरी.

कंसातली
काकूंसाठी सोडवते, मास्तरांनी डोळे मिटून घ्यावेत.

लेकीने बहुतेक सगळे ३.५७ सेकंद दगडाला देऊन टाकलेत. पडण्याचं अंतर = ½ × १० × वेळ², म्हणून ५ × ३.५७² = ६३.७, बरोबर तिचंच उत्तर. पण त्या वेळेत दोन कामं आहेत, दगड खाली जायचा आणि आवाज वर यायचा. दगडाची वेळ क्ष धरा. मग आवाजाला उरले ३.५७ − क्ष. दोघांनी अंतर एकच कापलंय, एकाने वरून खाली दुसऱ्याने खालून वर, म्हणून

५क्ष² = ३४०(३.५७ − क्ष)

पाचाने भागून सगळं एका बाजूला आणलं की

क्ष² + ६८क्ष − २४२.७६ = ०

विवेचक (सूत्रात वर्गमुळाखाली येणारी संख्या) ५५९५.०४, त्याचं वर्गमूळ ७४.८. क्ष = (−६८ + ७४.८) ÷ २ = ३.४ सेकंद. खोली ५ × ३.४² = ५७.८ मी. ताळा करायचा तर ५७.८ ला ३४० ने भागा, ०.१७ येतात, ३.४ मध्ये मिळवले की ३.५७.

यात एक बारकी खोच आहे जी उत्तर उतरवताना दिसतच नाही. अज्ञात म्हणून मी खोली न धरता वेळ धरली. प्रश्नात खोली विचारलीय म्हणून सगळी मुलं खोलीलाच क्ष म्हणतात, मग समीकरणात क्षचं वर्गमूळ येतं, ते घालवायला दोन्ही बाजूंचा वर्ग करावा लागतो, तिथे कंस फुटतात आणि मग रात्रीचे बारा वाजतात. जे विचारलंय त्यालाच क्ष म्हणायचं असा काही कायदा नाहीये. हे फोनने सांगितलं का तिला? त्याने नुसतं "वेळ क्ष मानू" लिहून पुढे पळ काढला असणार.

अर्धविराम
मागचं उत्तर जुळलं नाही की आधी पुस्तकाने कुठले आकडे घेतलेत ते बघायचं. हेच गणित ९.८ आणि ३४३ घेऊन केलं की ५६.८ येतं, म्हणजे अख्ख्या मीटरचा फरक आणि चूक कुणाचीच नाही. ध्वनीचा वेग शून्य अंशाला ३३१ च्या आसपास आणि दर अंशाला साधारण ०.६ ने वाढतो, म्हणून २० अंशाला ३४३. पुस्तकांत ३३०, ३३२, ३४०, ३४३, ३४४ सगळं सापडतं आणि पोरांना वाटतं की आपलंच काहीतरी बिघडलं.

टग्या_क्ष
मी पण अकरावीतच आहे. शंखशिंपला काकू, एक सांगू का, सूत्र येत नाही असं कोणाचं नसतं हो, वर्गसमीकरणाचं सूत्र झोपेत पण येतं. कुठली संख्या कुठल्या अक्षराच्या जागी टाकायची हे कळत नाही. गणिताच्या पेपरात समीकरण तयार मिळतं, फिजिक्समध्ये ते आधी बनवावं लागतं. बनवायचं कसं हे गणिताचे सर म्हणतात फिजिक्सवाले शिकवतील आणि फिजिक्सच्या मॅडम म्हणतात हे तुमचं गणितात झालंय.

आणि मला पण एक विचारायचंय. वरच्या समीकरणाची दुसरी किंमत −७१.४ येते. आम्हाला सांगतात "वेळ ऋण नसते, रद्द". पण मग ती येतेच का? समीकरण तर खोटं बोलत नाही ना?

फटकळ_काकू
कंसातली, शाब्बास. असं हवं.
बाळा टग्या, रद्द म्हटलं की रद्द करावं, मार्क मिळतात.

उभा_तरंग
नाही काकू, त्याचा प्रश्न फार भारी आहे, तो सोडून द्यायचा नाही.

@टग्या, समीकरणाला आपण दोनच गोष्टी सांगितल्या. शून्य क्षणाला दगड हातापाशी स्थिर होता, आणि दगड तळाशी असतानाचा आवाज ३.५७ ला कानावर आला. दगड त्या क्षणाआधी कुठे होता याबद्दल आपण अवाक्षर काढलेलं नाही. म्हणून समीकरण दुसरीही शक्यता प्रामाणिकपणे समोर ठेवतं. शून्य क्षणाच्या ७१.४ सेकंद आधी कोणीतरी तळातून दगड वर फेकला, तो मंदावत मंदावत बरोबर शून्य क्षणाला तुझ्या हातापाशी येऊन थबकला. तळ किती खोल? ५ × ७१.४², म्हणजे जवळपास २५,४९० मीटर, साडेपंचवीस किलोमीटर. फेकतानाचा आवाज तिथून ३४० च्या वेगाने निघाला तर वर यायला ७४.९७ सेकंद लागतात. आता −७१.४ मध्ये ७४.९७ मिळव.

३.५७.

हवेचा विरोध वगैरे सोडून दे, आपल्या समीकरणात तो नव्हताच. तर ऋण किंमत खोटी अजिबात नाही, ती दुसऱ्याच गोष्टीचं उत्तर आहे. आपल्या प्रश्नात दगड सोडलाय, खालून आलेला नाही, म्हणून आपण ती बाजूला ठेवतो. वहीत "रद्द" च्या पुढे एवढी एक ओळ कारण लिहायची.

भागिले_शून्य
पाताळातून कोणीतरी सेकंदाला ७१४ मीटरने दगड परत फेकतंय आणि तुम्ही शांतपणे ताळा करताय :)

कंसातली
@उभा_तरंग दंडवत. इतकी वर्षं मी पण डोळे झाकून रद्द करत आले.

दुर्बीण
धाग्याचा मूळ मुद्दा फोनचा आहे त्यावर लिहितो. फोन काढून घेऊन काही होत नाही, दुसऱ्या कोणाच्या फोनवर होईल. प्रश्न कसा विचारायचा ते शिकवा. "हे सोडव" म्हटलं की बारा ओळी येणारच. त्याऐवजी आपलं अर्धवट, चुकलेलं, खोडाखोड केलेलं काम टाकायचं आणि लिहायचं की पुढचं सोडवू नकोस, माझी पहिली चूक कितव्या ओळीत आहे तेवढंच सांग. नाहीतर असं, की याच जातीचं पण वेगळे आकडे असलेलं गणित दे आणि मी सोडवेपर्यंत उत्तर दाखवू नकोस. हे करायला वहीत आधी काहीतरी लिहिलेलं लागतं, खरा फायदा तिथेच आहे.

दुसरं म्हणजे हे चॅटबॉट चुकतात आणि चुकताना आवाज जराही कापत नाही त्यांचा. फोटोतला घातांक नीट वाचला जात नाही, आलेखावरचे आकडे तर हमखास गडबडतात. आलेलं उत्तर मूळ समीकरणात परत टाकून बघायचं हा नियम केला की उतरवणारं पोरगं सुद्धा निदान एकदा समीकरणाकडे बघतं.

फटकळ_काकू
"पुढचं सोडवू नकोस" असं लिहिणारं पोर मला दाखवा, मी त्याचा सत्कार करते.

दुर्बीण
काकू, आईने शेजारी बसून लिहायचं ते :)

टग्या_क्ष
मी लिहितो. कधीकधी. चाचणीच्या आठवड्यात नाही.

अर्धविराम
चूक शोधण्यावरून आठवलं. तरंगाच्या समीकरणात साइन असतो तिथे निम्म्या वर्गाचं उत्तर चुकतं ते फिजिक्समुळे नाही, कॅल्क्युलेटरमुळे. तो अंशांवर ठेवलेला असतो आणि तरंगाच्या समीकरणातला कोन रेडियनमध्ये असतो. साइन २ म्हणजे रेडियनमध्ये ०.९०९ आणि अंशांत ०.०३५. आयाम (मधल्या जागेपासून जास्तीत जास्त अंतर) ५ सेंमी असेल तर कण एकीकडे साडेचार सेंमी वर आणि दुसरीकडे दोन मिलिमीटर पण नाही. पोरगं तासभर सूत्र तपासत बसतं.

शंखशिंपला
सगळ्यांना धन्यवाद! मास्तरांनी सांगितलं तसं गोष्ट सांगायला लावली. "दगड आपटला आणि मला..." एवढं म्हणून थांबली आणि "अय्या, आवाजाला पण वेळ लागेल ना" म्हणाली. पुढचं समीकरण मात्र कंसातलीचं बघून केलं. ऋण किमतीची गोष्ट तिला इतकी आवडली की ती आता मैत्रिणींना पाठवत सुटलीय.

आता तरंग. एकाच दोरीवरच्या एकाच तरंगाचे दोन आलेख दिलेत, दोन्ही सारखेच नागमोडी. पहिल्यात लागोपाठच्या दोन शिखरांमध्ये ०.८ आहे, दुसऱ्यात ०.०२. तरंगाचा वेग विचारलाय. ती म्हणते तरंगलांबी एकाच तरंगाची दोन कशी? मला तर आलेखांत काही फरकच दिसत नाही.

मास्तर_निवृत्त
ताई, आता इथे मी सविस्तर लिहितो, कारण तरंगांच्या धड्यात मुलं घसरतात ती बहुतेक इथेच, आणि हे एकदा डोळ्यांपुढे उभं राहिलं की पुढची चार प्रकरणं सोपी जातात.

आडव्या अक्षावर काय लिहिलंय ते आधी वाचायला लावा. नागमोडी रेषेकडे नंतर बघायचं. पहिल्यात आडवं अंतर असेल, मीटरमध्ये. दुसऱ्यात आडवी वेळ असेल, सेकंदांत. पहिला आलेख म्हणजे अख्ख्या दोरीचा एका क्षणी काढलेला फोटो. दुसरा म्हणजे दोरीवरच्या एकाच ठिपक्याची डायरी, आत्ता वर होतो, आत्ता मध्ये, आत्ता खाली. फोटोवरून तरंगलांबी कळते, ०.८ मीटर. डायरीवरून दोलनकाल कळतो, ०.०२ सेकंद. म्हणजे सेकंदाला ५० आंदोलनं, वारंवारता ५० हर्ट्झ. वेग = ५० × ०.८ = ४० मीटर प्रति सेकंद. (घ्या काकू, यावेळी उत्तर दिलं.)

आता एक प्रयोग. लांबशी दोरी घ्या, एक टोक कशाला तरी बांधा, मध्यावर रंगीत फीत बांधा. दुसरं टोक वरखाली हलवा. लेकीने फक्त फितीकडे बघायचं, दोरीकडे नाही. तरंग पुढे धावताना दिसतो, फीत मात्र आहे तिथेच वरखाली करत राहते. ती कुठेही जात नाही. मग विचारा, ४० मीटर प्रति सेकंद वेग कोणाचा? फितीचा की तरंगाचा? फितीचा वेग तर दर क्षणाला बदलतोय, टोकाला शून्य, मध्यातून जाताना सर्वात जास्त. हे दोन वेग वेगळे आहेत हे वाचून कळत नाही, फितीकडे बघून कळतं.

मग हात जोरात, म्हणजे जास्त उंच हलवायला सांगा पण लय तीच ठेवून. तरंग पुढे लवकर पोचतो का? बहुतेक मुलं आधी "हो" म्हणतात. पोचत नाही. आयाम वाढला, वेग तोच. वेग वाढवायचा तर दोरी जास्त ताणावी लागते.

उभा_तरंग
मास्तर, फीत एक नंबर.

यालाच जोडून पुढची घसरगुंडी. आवाज हवेतून पाण्यात गेला तर काय बदलतं? मुलं म्हणतात सगळंच. वारंवारता बदलत नाही. हद्दीपाशी सेकंदाला ५०० शिखरं येऊन थडकत असतील तर पलीकडे सेकंदाला ५००च निघणार, वाटेत साठून राहायला जागा कुठे आहे? वेग माध्यम ठरवतं, वारंवारता स्रोत ठरवतो, आणि तरंगलांबीला उरलेला हिशोब जुळवून घ्यावा लागतो. ५०० हर्ट्झचा सूर हवेत ३४० ने जाताना ०.६८ मीटर लांबीचा, पाण्यात वेग १४८० च्या आसपास म्हणून २.९६ मीटर. सूत्रात तीन अक्षरं आहेत म्हणून तिन्ही मनाला येईल तशी बदलत नाहीत.

अवांतर: गिटार कोणाकडे असेल तर अर्धा धडा त्यावर होतो. बाराव्या पट्टीवर बोट ठेवलं की तारेची लांबी निम्मी, वारंवारता दुप्पट, ११० हर्ट्झची तार २२० ची होते. पण ताण वाढवून दुप्पट करायची म्हटलं तर ताण चौपट लागतो, कारण वारंवारता ताणाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात जाते. इथे फिजिक्स कमी आणि बीजगणितच जास्त आहे. खरंच चौपट ताणायला जाऊ नका, तार तुटून डोळ्यात जाईल.

टग्या_क्ष
आम्हाला ट्यूशनला त्रिकोण शिकवलाय. वर वेग, खाली वारंवारता आणि तरंगलांबी, जे हवं ते बोटाने झाकायचं. मस्त चालतो.

मास्तर_निवृत्त
त्रिकोणाने मला आयुष्यभर छळलं. मुलांना त्रिकोण येतो, समीकरण येत नाही.

फटकळ_काकू
येतंय ना उत्तर? मग छळलं कसं?

कंसातली
तीन राशींचा साधा गुणाकार आहे तोवर चालतो काकू. उभा_तरंगने आत्ता सांगितलं ते तारेचं सूत्र बघा, वेग म्हणजे ताण भागिले एकक लांबीचं वस्तुमान, या सगळ्याचं वर्गमूळ. यातून ताण काढायचा तर त्रिकोणात कुठे बसवणार? तिथे दोन्ही बाजूंचा वर्ग करून मग गुणायचं हे यावंच लागतं. आणि ज्यांनी बोटाने झाकून दिवस काढलेत ते तिथे वर्गमूळ आतल्या पदांवर वाटून टाकतात. टग्या, खरं सांग, √(अ² + ब²) म्हणजे किती?

टग्या_क्ष
अ + ब... थांबा, नाही. ३ आणि ४ टाकून बघितलं. √२५ म्हणजे ५, आणि ३ + ४ तर ७. हे नाही होत.

कंसातली
बघ, नियम कोणी न सांगता तूच तपासलास. शंका आली की अक्षरांच्या जागी लहान संख्या टाकून बघायच्या, यासाठी ना फोन लागत ना क्लास. फक्त ० आणि १ टाकू नकोस, त्यांच्यावर खोटे नियम पण खरे ठरतात.

अर्धविराम
+१. आणि ज्या पालकांना विषय येत नाही त्यांनाही एक काम हमखास जमतं, उत्तर शक्य आहे का एवढं विचारायचं. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येतं. ३४० ने भागाकार केला की हवेतल्या ऐकू येणाऱ्या आवाजाची तरंगलांबी १७ मीटरपासून १.७ सेंटिमीटरपर्यंत, बास. पोराने आवाजाची तरंगलांबी ६८० किलोमीटर काढली तर आईने फक्त म्हणायचं, "एवढी?" किलोहर्ट्झचं हर्ट्झ करताना उलटा भागाकार झालेला असतो. प्रतिध्वनीत पण तेच, आवाज जाऊन परत येतो म्हणून अंतराला दोनने भागायचं राहतं आणि समोरची भिंत दुप्पट लांब जाते.

फटकळ_काकू
सगळं मान्य, पण तुमच्या या धाग्यावर एक गोष्ट कोणी बोलत नाही. ज्याने अशी गणितं कधी बघितलीच नाहीत त्याला नुसतं "विचार कर" म्हणून काय करणार तो? विचार करायला डोक्यात आधी काही असावं लागतं. आधी दोन गणितं पूर्ण सोडवलेली दाखवा, एकेक ओळ का आली ते सांगत. मग तिसरं त्याच्याकडून. इथे सगळे हुशार लोक आहेत, त्यांना स्वतःला कसं आलं ते विसरलेत.

मास्तर_निवृत्त
काकू, यावर माझं तुमचं भांडण नाही. फक्त दुसऱ्या सोडवलेल्या गणिताच्या शेवटच्या दोन ओळी कागदाने झाका आणि मुलाला भरायला सांगा. तिसऱ्यात शेवटच्या चार झाका. पाचव्या सहाव्याला फक्त प्रश्न उघडा राहतो. वरून नाही, खालून झाकत यायचं, कारण शेवटच्या ओळी नुसत्या आकडेमोडीच्या असतात आणि पहिली ओळ सगळ्यात अवघड असते.

फटकळ_काकू
हे आधी बोलायचं ना मग. कोडी कसली घालत बसलात.

दुर्बीण
हे झाकण्याचं काम फोनला पण सांगता येतं. "सोडवून दाखव पण शेवटच्या तीन ओळी रिकाम्या ठेव."

शंखशिंपला
उघड्या नळीचं आणि बंद नळीचं कोणी सांगेल का? ८५ सेंमीची नळी, वेग ३४०. दोन्ही टोकं उघडी तर नळी २००, ४००, ६०० हर्ट्झला घुमते. एक टोक बंद केलं तर १००, ३००, ५००. उत्तरं आलीत, झाकपट्टी करून :) पण २०० कुठे गेलं असं ती विचारतेय.

उभा_तरंग
सूत्र बाजूला ठेवून तिला चित्र काढू द्या. बंद टोकाशी हवेला सरकायला जागा नाही, तिथे हालचाल शून्य. उघड्या टोकाशी सगळ्यात जास्त. शून्यापासून जास्तीत जास्तपर्यंत जायचं म्हणजे पाव तरंग. तेव्हा नळीत पाव तरंग बसेल, नाहीतर पाऊण, नाहीतर सव्वा. पहिल्यात तरंगलांबी ८५ च्या चौपट, ३.४ मीटर, म्हणून १०० हर्ट्झ. २०० बसवायचा तर बरोबर अर्धा तरंग लागतो, आणि अर्धा तरंग बंद टोकाशी शून्याने सुरू झाला तर उघड्या टोकाशी पण शून्यावरच येऊन उभा राहतो. उघड्या टोकाला ते चालत नाही. हे चित्र तिने स्वतः काढलं की विषम संख्यांचं सूत्र पाठ करायची गरजच नाही, ते चित्रातून परत काढता येतं.

शंखशिंपला
काढलं! अर्धा तरंग काढायला गेली आणि टोकाशी अडली, मग स्वतःच खोडला. क्लासचं सध्या लांबणीवर टाकतेय. फोन राहील, पण आधी वहीत चार ओळी असल्याशिवाय फोटो काढायचा नाही असं ठरलंय. किती दिवस टिकतं बघू.

टग्या_क्ष
आता माझं पण एक. नादकाटा २५६ हर्ट्झचा. दुसऱ्या नादकाट्याबरोबर वाजवला तर सेकंदाला ४ बीट्स (आवाज मोठा-लहान होण्याचे ठोके, दोन वारंवारतांमधल्या फरकाइतके). दुसऱ्याला थोडं मेण लावलं तर २ बीट्स. दुसऱ्याची मूळ वारंवारता किती? २६० किंवा २५२ एवढं आलं मला, पुढे?

मास्तर_निवृत्त
मेण लावल्यावर काटा जड झाला. जड काटा भरभर हलेल की सावकाश? एवढंच.

फटकळ_काकू
२६०.

मास्तर_निवृत्त
काकू!!

भागिले_शून्य
मेण किती लावलं ते पुस्तकात दिलंय का? भरपूर थापलं असेल तर?

टग्या_क्ष
थांबा, हा खरंच प्रश्न आहे. मेणाने वारंवारता कमी होते. २६० ची २५८ झाली तर २ बीट्स. पण भरपूर थापलं आणि २६० ची थेट २५४ झाली तरी २ बीट्सच येतील! दोन्हीकडे मूळ २६०च. आणि २५२ असती तर मेणाने आणखी खाली गेली असती, बीट्स ४ पेक्षा वाढल्या असत्या, २ होऊच शकत नाहीत. म्हणजे कितीही मेण लावा, २६०.

फटकळ_काकू
तेच तर म्हटलं मी मघाशी.